हजार बैठका आणि एक किलो

औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी 1909 साली गादीवर आले, पण त्याच्या बारा वर्षे आधीच ते युजेन सँडोच्या नादी लागले होते. सँडो हा त्या काळातला जगातला सर्वांत प्रसिद्ध शरीरसौष्ठवपटू. त्याची पुस्तके, त्याची उपकरणे असे सगळे भवानरावांनी मागवून घेतले आणि जवळजवळ दहा वर्षे त्याच्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला. छाती रुंदावली, पण समाधान होईना. 1908च्या सुमारास त्यांचे स्नेही मिरजेचे बाळासाहेब पटवर्धन यांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मग आयुष्यभर दुसरे काही बोलले नाहीत. संस्थानातल्या शाळांमधून त्यांनी नमस्कार सक्तीचे केले. 1936 साली ते इंग्लंडला गेले, तिथे लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांच्या व्यायामावर लिहिले आणि 1938 साली त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघाले. ही हकिकत आपल्याकडे नेहमी एकाच सुरात सांगितली जाते: राजाने विलायती डंबेल टाकले आणि देशी नमस्कार उचलला. हा सूर मला पटत नाही. विलायती-देशीचा झगडा त्यात फार वरवरचा आहे. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात गेल्या सव्वाशे वर्षांत अंग भरण्याच्या आणि ताकद कमावण्याच्या किती पद्धती आल्या-गेल्या हे पाहिले तर खरा भेद दुसराच दिसतो. काही पद्धतींत आकडा वाढवायचा असतो आणि काहींत वजन. भवानरावांनी सँडो सोडून नमस्कार धरले, तेव्हा ते या रेषेच्या पलीकडे गेलेच नव्हते.

सँडोची पद्धत म्हणजे जड वजने, असा आपला समज असतो. त्याला कारण त्याचे रंगमंचावरचे प्रयोग. तो माणसांसकट वजने उचलायचा, घोडा उचलायचा, असे खेळ करून पैसे मिळवायचा. पण 1897च्या त्याच्या पुस्तकात सामान्य वाचकासाठी जो व्यायामक्रम दिला आहे तो हलक्या डंबेल्सचा आहे, काही पौंडांच्या. वयानुसार किती पौंडांचे डंबेल घ्यायचे आणि कोणता व्यायाम किती वेळा करायचा याची कोष्टके आहेत. प्रगती म्हणजे काय, तर वजन तेच ठेवून आकडा वाढवत नेणे. पुढे त्याने मुठीत दाबायचे स्प्रिंगचे डंबेल विकायला काढले, तेही हलकेच. म्हणजे सँडोने स्वतः काय उचलले आणि टपालाने कोणता व्यायाम विकला यांत मोठे अंतर होते. भवानरावांच्या वाट्याला आला तो टपालाचा सँडो. दहा वर्षे त्यांनी हलक्या डंबेलचे आवर्तन मोजले आणि नंतर नमस्कारांचे आवर्तन मोजले. त्यांच्या पुस्तकातही वयानुसार आकडे आहेत, प्रौढ माणसाला रोज तीनशेपर्यंत जायला सांगितले आहे. फरक पडला तो इतकाच की नमस्काराला उपकरण लागत नाही, पाठीपासून पोटरीपर्यंत सगळे अंग हलते आणि श्वास जोडलेला राहतो. हे फायदे थोडे नाहीत. पण एका मोजणीकडून दुसऱ्या मोजणीकडे झालेल्या या प्रवासाला क्रांती म्हणता येत नाही.

मग ही मोजणी औंधला नवी होती का? मुळीच नाही. हा सगळा मुलूख तालमींचा. समर्थ रामदासांनी स्थापिलेले म्हणून जे अकरा मारुती सांगितले जातात त्यांतले बहुतेक याच पट्ट्यातले: चाफळचे दोन, मसूर, उंब्रज, शहापूर, माजगाव हे सातारा जिल्ह्यात, बहे-बोरगाव आणि शिराळा सांगली जिल्ह्यात. मारुतीच्या देवळाला लागून तालीम आणि तालमीच्या कोनाड्यात मारुती ही जोडी इथल्या गावांत कुणाला नवी नाही. तालमीतली मेहनत म्हणजे जोर आणि बैठका. पहाटे लंगोट कसून सुरुवात, आधी शंभर, मग दोनशे, मग पाचशे, आणि पठ्ठा हजाराला पोचला की वस्ताद त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहणार. वाढवायचा तो आकडा. अंगाचे वजन तेच, जमीन तीच, रोज वीस जोर जास्त. पहिलवानाची मेहनत किती हे विचारले तर उत्तर आकड्यातच येई.

यावर जाणकार लगेच म्हणतील की तालमीत वजने नव्हती असे कसे म्हणता? होती, हे खरेच. मुद्गल होते, करेल होती, गळ्यात अडकवायचे दगडी चाक होते, नाल होता, आणि गावोगाव मारुतीसमोर किंवा चावडीपुढे पडलेली गोल गोटी होती, जी खांद्यावर घेणारा गडी पंचक्रोशीत नाव काढायचा. प्रश्न वजन होते की नव्हते हा नाहीच. ते वापरले कसे जाई, हा आहे. गोटी ही परीक्षा होती. वर्षात एकदा, जत्रेत, चार लोकांसमोर. ज्याने उचलली त्याने उचलली, ज्याने नाही त्याने नाही. कारण दगडाला अधली पायरी नसते. समजा तालमीत तीन गोट्या आहेत, एक चाळीस किलोची, एक साठची, एक नव्वदची. चाळीसवाली सहज उचलणाऱ्या आणि साठवाली न हलणाऱ्या पोराने करायचे काय? पन्नासची गोटी नाही. बावन्नची तर कुणाच्या स्वप्नातही नाही. त्याच्यापुढे एकच वाट उरते: चाळीसवाली जास्त वेळा उचलायची. म्हणजे वजनाच्या साधनाचीही शेवटी मोजणीच होते. मुद्गलाचे तेच. सुताराकडून जड जोडी करून घेता येते, पण ती एकदम चार-पाच किलोंनी जड असते, आणि तिच्यापर्यंत पोचायचा रस्ता जुन्याच जोडीचे हात वाढवण्यातून जातो. तालमीने आकड्याची पद्धत निवडली ती परंपरेच्या प्रेमापोटी किंवा काही गूढ ज्ञानातून, असे मानायचे कारण नाही. तिच्या साधनांना दुसरे काही जमणारेच नव्हते.

खरा प्रश्न पुढे येतो. आकड्याच्या पद्धतीने मोठी माणसे घडलीच की! कवठेपिरानचे मारुती माने याच मातीतले. 1962च्या जकार्ता एशियाडमध्ये त्यांनी फ्रीस्टाइलचे सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचे रौप्य आणले, 1964 साली हिंदकेसरी झाले. त्यांचा देह पाहणाऱ्यांच्या पिढ्या अजून त्याबद्दल बोलतात. जोर-बैठकांनी अंग भरत नाही असे म्हणणाऱ्याने या माणसांचे काय करायचे? मला वाटते, इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात आणि व्यायामशास्त्राने त्या वेगळ्या केलेल्या आहेत. 1945 साली थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टराने जखमी सैनिकांचे स्नायू पूर्ववत करण्यासाठी जड वजन, थोडी आवर्तने आणि वजनात क्रमाने वाढ अशी पद्धत मांडली. आजच्या बहुतेक वेट ट्रेनिंगचे मूळ तिथे सापडते. त्याचा दावा असा की हलके वजन पुष्कळ वेळा उचलल्याने दम वाढतो, ताकद वाढायला वजनच वाढवावे लागते. पुढे 2012 साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात तरुणांच्या पायांवर दहा आठवड्यांचा प्रयोग झाला. काही पायांनी कमाल वजनाच्या 80 टक्के वजनावर व्यायाम केला, काहींनी अवघ्या 30 टक्क्यांवर, पण पाय पुढे हलेनासा होईपर्यंत. स्नायूंचा आकार दोन्हींचा सारखाच वाढला. मात्र एका झटक्यात जास्तीत जास्त किती उचलता येते, या कसोटीवर जड वजनवाले पुढे राहिले. म्हणजे डीलॉर्म निम्मा बरोबर आणि आपला वस्तादही निम्मा बरोबर. थकेपर्यंत आकडा वाढवला तर मांडी भरते. त्या मांडीतून एका क्षणात किती जोर निघतो, हा वेगळा हिशेब आहे, आणि तो तालमीत कुणी किलोत लिहून ठेवत नव्हते.

शिवाय पहिलवानाची सगळी मेहनत जोर-बैठकांतच होते असे समजणेही चुकीचे आहे. हौद्यातली माती फावड्याने खोदून उलटायची, पाठीवर पोरगे बसवून जोर मारायचे, आणि मग तासभर लढत करायची. समोरचा पठ्ठा हे तालमीतले सगळ्यांत हुशार वजन आहे. वस्ताद आज हलका जोडीदार देतो, महिन्याने भारी देतो, कधी दोघांना एकामागून एक अंगावर सोडतो. दगडात जी अधली पायरी नव्हती ती इथे माणसाच्या रूपाने मिळत होती. त्यात दूध, तूप, बदामाचा खुराक आणि दुपारची झोप. हे सारे बाजूला काढून नुसत्या बैठकांना श्रेय देणे, किंवा नुसत्या बैठका पाहून तालमीला नावे ठेवणे, दोन्ही सारखेच अर्धवट.

आणि ही पद्धत ज्या कामासाठी होती त्या कामाला ती चोख होती. जत्रेतली कुस्ती निकाली असायची. घड्याळ नाही, गुण नाहीत, पाठ टेकली की संपले. हलगी कडाडत असताना अर्धा-पाऊण तास चाललेल्या कुस्त्या लोकांनी पाहिल्या आहेत. अशा लढतीत एका झटक्याच्या ताकदीपेक्षा विसाव्या मिनिटाला पायात काय उरले आहे याला किंमत. हजार बैठकांचा पहिलवान तिथे उभा राहायचा. गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांच्या कारकिर्दीत मात्र या हिशेबाला पहिला तडा गेलेला दिसतो. 1948 साली लंडन ऑलिंपिकमध्ये ते 52 किलो गटात उतरले, मॅटवर, गुणांवर चालणाऱ्या कुस्तीत. सहावे आले. तिथे त्यांना रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाचे मार्गदर्शन मिळाले. चार वर्षांनी हेलसिंकीला ते 57 किलो गटात खेळले आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, कांस्य, कऱ्हाडला घेऊन आले. त्यांना पाठवायला पैसे नव्हते म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्या गोष्टीच्या भावनेत एक मुद्दा मात्र हरवतो. वजनगट असलेल्या खेळात अंग नुसते भरून चालत नाही. 57 किलोच्या आत राहायचे आणि त्या 57 किलोंतून जास्तीत जास्त ताकद काढायची, हे तालमीपुढे आलेले नवेच गणित होते. जत्रेच्या फडात मोठा देह ही नेहमी जमेची बाजू. ऑलिंपिकच्या तराजूवर तोच देह गट बदलायला लावतो. आकार आणि ताकद ही एकाच वस्तूची दोन नावे नाहीत, हे या मुलुखाला कुस्तीनेच शिकवले, बारबेल येण्याच्या आधी.

बारबेलने काय आणले ते आता नीट सांगता येते. लोखंड आणले असे म्हणू नये. लोखंडाचे इथे अप्रूप नव्हते, भवानरावांनीच दिलेल्या जमिनीवर 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली होती आणि कुंडलच्या शेजारी लोखंडी नांगर ओतले जात होते. बारबेलने आणली ती लहान पायरी. 1902 साली फिलाडेल्फियात अ‍ॅलन कॅल्व्हर्टने वजन कमी-जास्त करता येईल असे बारबेल विकायला सुरुवात केली, आणि दगडाचा जुना अडथळा तिथे संपला. दांडी तीच, दोन्ही टोकांना चकत्या घालायच्या, आज दोन, उद्या त्याच दोन आणि वर सव्वा-सव्वा किलोच्या. चाळीस आणि साठ यांच्यामध्ये आता आठ पायऱ्या झाल्या. ज्या पोराला गोटी हलत नव्हती त्याला रस्ता मिळाला. वेटलिफ्टिंगची व्यायामशाळा आपल्याकडे तालमीच्याच वळणावर वाढली: एक जाणता माणूस, एक सामाईक जागा, सकाळ-संध्याकाळचे ठरलेले तास, आणि गरिबाघरची मुले. कुरुंदवाड कागदोपत्री कोल्हापूर जिल्ह्यात येते, पण सांगली-मिरजेसारखेच ते जुने पटवर्धनी संस्थान आणि त्यांच्या शेजारचेच. त्या एका लहान गावातून 2014च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत तिघे उतरले आणि तिघांनीही कांस्य आणले: गणेश माळी 56 किलो गटात, ओंकार ओतारी 69 किलोत, चंद्रकांत माळी 94 किलोत. गट पाहा. सर्वांत हलक्यापासून चांगल्या भारदस्त गड्यापर्यंत. दगडाच्या जमान्यात यांतला 56 किलोवाला जत्रेच्या कडेला उभा राहून बघत बसला असता.

सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर याची बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतली लढत या पायरीचा अर्थ फार नेमका दाखवते. 30 जुलै 2022, गट 55 किलो. स्नॅचमध्ये त्याने 113 किलो उचलले आणि मलेशियाच्या अनिकवर सहा किलोंची आघाडी घेतली. क्लीन अँड जर्कमध्ये पहिल्या प्रयत्नात 135 गेले. दुसऱ्या प्रयत्नात 139 डोक्यावर नेताना उजव्या कोपराला दुखापत झाली. तरी तो तिसऱ्यांदा त्याच 139ला परत आला. ते गेले नाही. बेरीज 248. अनिकने 142 उचलले, बेरीज 249. एका किलोने सुवर्ण हुकले. हा एक किलो पूर्वी अस्तित्वातच नव्हता. 2005पर्यंत स्पर्धेत वजने अडीच-अडीच किलोंच्या पटीत चढायची, त्यानंतर एक किलोची पायरी आली. हजार बैठका मारणारा आणि एक हजार दहा मारणारा यांत फरक कुणाला दिसत नाही. 248 आणि 249 मधला फरक पदकाचा रंग ठरवतो. पानाची टपरी आणि चहाचा गाडा चालवणाऱ्या घरातल्या पोराला जगाच्या तराजूवर उभे करणारी पद्धत हीच, आणि तिची निर्दयताही हीच.

इथे कुणी म्हणेल की मग आजचा साताऱ्याच्या किंवा सांगलीतल्या विश्रामबागच्या जिममधला तरुण सर्वांत चांगल्या ठिकाणी पोचला, लहान पायऱ्या त्याच्या हाताशी आहेत. साधन आहे, हे कबूल. पण साधन असणे आणि पद्धत असणे वेगळे. रॅकवर अडीच किलोच्या चकत्या टांगलेल्या असतात आणि तो मोबाइलवर पाहिलेला नवा प्रोग्राम दर महिन्याला सुरू करतो, कोणत्या दिवशी किती उचलले ते लिहीत नाही, आरशात दंड मोजतो. त्याने आकडाही सोडला आणि वजनही. जुन्या तालमीतल्या पठ्ठ्याला निदान आपली काल किती मेहनत झाली हे पाठ असायचे, आणि तो विसरला तर वस्ताद विसरत नसे. मला वाटते व्यायामक्रम निवडताना पाच सेट की तीन, आठवड्यात तीन दिवस की सहा, यावर जितका काथ्याकूट होतो तितका तो करण्याजोगा नाही. पायरी लहान आहे का आणि ती चढल्याचे कुणी नोंदवते का, एवढे दोन प्रश्न विचारले तर बरेचसे प्रोग्राम आपोआप गळतात. सँडोच्या कोष्टकात नोंद होती, पण वजनाची पायरी नव्हती. गोटीत वजन होते, पायरी नव्हती. महागड्या जिममध्ये पायऱ्यांची चळत आहे, नोंद ठेवणारा नाही.

भवानरावांच्या बाजूने एक गोष्ट मात्र मोकळेपणाने मान्य केली पाहिजे, आणि ती लहान नाही. तालमीत बाईला जागा नव्हती. हौद्यात तिने पाऊल टाकणेही वर्ज्य. नमस्कार शाळेत नेल्यामुळे ते औंध, आटपाडी, कुंडलच्या मुलींपर्यंतही पोचले, आणि भवानरावांच्या पुस्तकाचा रोख तर बराचसा स्त्रियांच्याच आरोग्याकडे आहे. मोजणीच्या पद्धतीने सर्वांना आत घेतले, हे तिचे मोठे काम. पण ताकदीच्या मैदानात मुलगी उतरायला वजनाची पायरीच लागली. गोटी जाणत्या पुरुषाच्या मापाची होती. तिच्यापुढे बारा-पंधरा वर्षांची मुलगी उभी करण्यात अर्थच नव्हता. स्त्रियांच्या वेटलिफ्टिंगची दांडी पंधरा किलोची असते, शिकायला त्याहूनही हलकी मिळते, आणि तिथून अर्ध्या किलोच्या चकतीनेही पुढे सरकता येते. स्त्रियांचे वेटलिफ्टिंग ऑलिंपिकमध्ये यायला 2000 साल उजाडले. जून 2022 मध्ये पंचकुल्याच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत मुलींच्या 40 किलो गटाचे सुवर्ण सांगलीच्या काजोल सरगरला मिळाले. ती संकेतची धाकटी बहीण. त्याची बर्मिंगहॅमची लढत व्हायला अजून दीड-दोन महिने बाकी होते.